रेघेखालची गर्दी

१

रोज सकाळी मी माझ्या मुलीला शाळेत सोडायचे आणि मग संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांची मुलं मोजत बसायचे. ही दुसऱ्यांची मुलं फार जुनी, माझ्या पणजीच्याही आधीची. त्यामुळे ती डबा अर्धा परत आणत नाहीत आणि वर्गात कुणाला चावतही नाहीत. त्या मानाने माझी नोकरी सुखाची.

विषय आर्थिक इतिहास. कुणी विचारलं तर नवरा सांगतो, "ती मेलेल्या लोकांच्या खिशात हात घालते." हे खरं नाही. खिशात हात घालतो तो माझ्यासमोरच्या टेबलावरचा सहकारी. गिरण्या आल्यावर कामगारांची मजुरी कशी चढत गेली याची त्याने लांबलचक मालिका बांधलीय, म्हणून सगळा विभाग त्याला 'मजुरीवाला' म्हणतो. त्याचं म्हणणं, मजुरी वाढली म्हणजे माणसं सुखी झाली. माझं म्हणणं, ते हाडांना विचारा. पोटात पुरेसं गेलं तर पोर वाढतं. नाही गेलं तर मजुरीचा आकडा काहीही सांगो, पोर खुरटतं. म्हणून मी जुन्या पोरांच्या उंच्या गोळा करते.

आता गंमत बघा. जगाच्या पोरांच्या उंचीवर प्रबंध लिहिणाऱ्या बाईची स्वतःची पोर तसूभर वाढेना! पाच वर्षांची झाली तरी लोक विचारायचे, "तीन पूर्ण का हो?" बापाने लाडाने नाव ठेवलं वाटाणी. डॉक्टरांच्या तक्त्यावर तिचा ठिपका सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली, अंग चोरून बसल्यासारखा. डॉक्टर म्हणायचे, "बघू अजून थोडे दिवस." माझा जन्म आलेख वाचण्यात गेलाय. 'बघू'चा अर्थ मला कळतो.

२

आमचा विभाग एका जुन्या कापडगिरणीत आहे. विद्यापीठाने ती घेतली, वरचा मजला चकचकीत केला आणि तळमजल्यावर इतिहासवाल्यांना ढकललं. आमची खोली म्हणजे गिरणीचं पाळणाघर. छताला पाळण्यांच्या लोखंडी कड्या अजून आहेत. कामावर येताना बायका पोरं इथे ठेवायच्या आणि पलीकडच्या दाराने यंत्रशाळेत जायच्या. ते दारही अजून आहे. त्याच्या पलीकडे मात्र काही नाही. एक लांबच लांब रिकामी शेड, दुरुस्तीची वाट बघत कुलपात पडलेली.

उन्हाळ्यात रंगारी आले. त्यांनी त्या दाराच्या चौकटीवरचा तैलरंग खरवडला आणि आतून खाचा निघाल्या. आडव्या, बारीक, चाकूने पाडलेल्या, एकीवर एक. खाली प्रत्येक रांगेला एक चिन्ह: कंगवा, कात्री, चिमणी, किल्ली.

"कुणी हात लावू नका!" मी अशी किंचाळले की रंगाऱ्याच्या हातून खरवडायचा पत्रा पडला.

पोरांच्या उंच्या! एकेका पोराची रांग, तळापासून वर चढत गेलेली. आणि सगळ्यांच्या वर, चौकटीच्या दोन्ही अंगांना, एक खोल, सरळ रेघ.

आमच्या विभागप्रमुख, ज्यांना सगळे नुसतंच 'बाई' म्हणतात, चष्मा कपाळावर ढकलून चौकटीला नाक लावून उभ्या राहिल्या. "वयाचे दाखले कुठे होते तेव्हा?" त्या म्हणाल्या. "उंची बघायचे. रेघेला डोकं लागलं की पोर कामाला लायक. मग ह्या दारातून पलीकडे." मग एकदम वळून त्यांनी माझा दंड धरला. "अगं, तुझा प्रबंध उभाय इथे! लाकडात कोरलेला!"

त्या रात्री मला झोप लागली नाही. वाईट अर्थाने नव्हे. वाढदिवसाच्या आदल्या रात्री पोरांना लागत नाही, तशी.

३

पण शास्त्र म्हटलं की शंका आलीच. जमीन मध्ये कधीतरी फरशी घालून उंच केलेली होती. खाच डोक्यावर ठेवलेल्या पट्टीच्या वरून पाडायचे की खालून, तेही कळेना. एखादं खरं पोर उभं करून बघितल्याशिवाय ताळा लागणार नव्हता, आणि शाळेला तर सुट्टी लागलेली. वाटाणी माझ्याच खुर्चीत बसून माझ्याच आलेखांना शेपट्या काढत होती.

"ये गं इकडे. पाठ टेकव. हलू नकोस."

ती उभी राहिली. मी डोक्यावर पट्टी ठेवली आणि किल्लीच्या रांगेशेजारी कोऱ्या जागेत पेन्सिलीने एक ठिपका दिला. एवढंच. जे मोजायचं त्यात मोजणाऱ्याने आपलं काही मिसळू नये, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना टेबल आपटून शिकवते. पण ठिपका पेन्सिलीचा होता, आणि खोडरबर खिशात होतं.

"आई, सगळ्यात लहान मीच का?" वाटाणीने खाचांकडे बघून विचारलं.

"आत्ता आहेस. वाढशील की."

दुसऱ्या दिवशी मी खोडायला गेले तर ठिपक्याच्या जागी खाच होती. आणि तळाशी चिन्ह होतं, एक छोटासा गोल.

मी थेट मजुरीवाल्याच्या टेबलाशी गेले. "लाज वाटते का? पुराव्यावर चाकू चालवलास?"

"कसला चाकू? मी सफरचंदसुद्धा चावून खातो." तो उठून आला, भिंग लावून बघत राहिला. मग माझ्याकडे त्याने जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "ही तर जुनीच आहे. आत रंग बघ, तळाला बसलाय. तू मोजताना ही रांग गाळलीस. झोप होत नाही का घरी?"

मी बघितलं. खाचेच्या तळाशी जुना, पिवळट तैलरंग होता, तडे गेलेला, बाकीच्या खाचांत होता तसाच. आधी काढलेले फोटो धुंडाळले. नेमक्या त्याच कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याची सावली पडलेली. माझ्या फोटोंचं हे नेहमीचंच. तेव्हा गाळली असेन. आईपणात माणूस काय काय गाळतं! मी माझ्यावरच हसले आणि रांग यादीत घातली.

४

आणि मग वाटाणी वाढायला लागली!

आधी नवऱ्याने पाहिलं. "अगं, हिचा फ्रॉक बघ. गुडघ्याच्या वर गेलाय." मी म्हटलं, धुवून आटला असेल. मग चपला लागेनात. मग एका सकाळी नळाखालची चौकी न घेता तिने दात घासले, आणि आम्ही दोघं न्हाणीघराच्या दारात वेड्यासारखे टाळ्या वाजवत उभे राहिलो. डॉक्टरांनी तिला दोनदा मोजलं. "काय खायला घालताय?" त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, "हिच्या आईचं डोकं," आणि तिघंही हसलो. ठिपका खालच्या रेषेला शिवला होता. घरी येताना नवरा वाटाणीला खांद्यावर घेऊन रस्ताभर ओरडत होता, "बाजूला व्हा, उंच बाई येतायत!"

इतकी आनंदात मी कित्येक वर्षांत नव्हते. म्हणूनच असेल, चौकटीवर गोलाच्या रांगेत दुसरी खाच दिसली तेव्हा मी स्वतःला सांगितलं, हीही गाळली असणार. तिसरी दिसली तेव्हाही सांगितलं. आत जुना रंग होताच.

एका दुपारी खोलीत कुणी नसताना मी वाटाणीला परत तिथे उभी केली. वरची खाच तिच्या डोक्याला बरोबर लागली. केसभरही फरक नाही.

त्या संध्याकाळी तिला न्हाऊ घालताना केसांत कापसाचे तंतू सापडले. कानाच्या पाळीमागे, भुवईत, पांढरे, हलके.

"कुठे लोळलीस गं?"

"कुठेच नाही. तिकडे उडतात ते."

"तिकडे म्हणजे?"

ती साबणाचे फुगे करत होती. "दाराच्या तिकडे. तो माणूस म्हणतो, थोडीच राहिलीस आता."

मुलांना कल्पनाशक्ती असते. हे वाक्य मी त्या रात्री इतक्या वेळा मनात म्हटलं की त्यातला अर्थ झिजून गेला.

दुसऱ्या दिवशी तिला बापाकडे घरी ठेवलं. मी एकटीच गेले. खोलीत शिरताना वाटलं, फ्रीज चालू आहे. पण आमच्या खोलीत फ्रीज नाही. आवाज कानांपेक्षा तळपायांना जास्त लागत होता. कपातल्या पेन्सिली एकमेकींवर किणकिणत होत्या. दाराशी गेले तर कुलूप जागच्या जागी. गोलाच्या रांगेत मात्र नवी खाच होती. संध्याकाळी घरी पाऊल टाकते तोच नवरा पट्टी नाचवत पुढे आला. "अगं, आज परत वाढली!"

पर्समध्ये पॉलिशपेपर ठेवायला लागले. पण चौकटीसमोर उभी राहिले की हात उचलायचा नाही. पुरावा घासून टाकणं आमच्या धंद्यात महापाप, असं मी स्वतःला सांगायचे. खरं कारण वेगळं होतं. त्या खाचा घासल्या आणि पोर परत थांबली तर?

५

मग बाईंनी चर्चा ठेवली. खोलीत आम्हीच, शिवाय वरच्या मजल्यावरचे दोन-चार अर्थशास्त्रवाले. नवऱ्याला नेमकं त्याच दिवशी कामावर बोलावलं, म्हणून वाटाणीही होती, मागच्या टेबलावर, रंगीत खडू घेऊन. मी तिला दारापासून सगळ्यात लांब बसवलं होतं.

पडद्यावर आलेख लावला. पन्नासेक पोरं, प्रत्येकाची एक रेषा, आणि वर ती कामाची रेघ. आणि जे मला महिनाभर दिसलं नव्हतं ते सगळ्यांना एकदम दिसलं. सगळ्या रेषा चढत येतात आणि रेघेच्या बोटभर खाली येऊन थांबतात. आडव्या होतात. एकही वर जात नाही.

"हे बघा, भूक!" मी म्हटलं. "अमुक उंचीनंतर अन्न पुरत नाही, वाढ खुंटते."

"सगळ्यांची एकाच जागी?" मजुरीवाला खुर्चीतून अर्धा उठला. "भूक काय पट्टी घेऊन बसलीय? कुणाची वर खुंटेल, कुणाची खाली. इथे तर रेघेखाली नुसती गर्दी झालीय. ही लबाडी आहे, मोजणाऱ्यांची."

"पण लबाडी केली तर वरच्या बाजूने करतील ना," एक अर्थशास्त्रवाला म्हणाला. "पोर कामाला लागलं तर घरात मजुरी येते. आईबाप पोरांना उंच दाखवतील. ठेंगणी कशाला दाखवतील?"

खोलीत एकदम गलका झाला. असा गलका मला फार आवडतो. सगळे एकमेकांचं वाक्य तोडतायत, बाई टेबलावर खडू आपटतायत, कुणाच्या तरी चहात कुणाची तरी टाचणी पडलीय. मीही ओरडत होते. मुद्दा लागला होता! इतकं चोख कोडं संशोधकाला जन्मात एकदा मिळतं.

"थांबा, थांबा!" बाई पडद्याजवळ गेल्या. "हे एक बघा की. हे गोल चिन्हाचं पोर. कसं झरझर येतंय! बाकी सगळी थांबलीत, आणि हे एकटं..." त्यांनी बोट वर नेलं, हवेत. "हे पार करणार! ह्याची पुढची खाच कुठेय?"

सगळे माझ्याकडे बघत होते, हसऱ्या, अधीर चेहऱ्यांनी. मजुरीवाला तर चक्क टाळी वाजवून म्हणाला, "चढ रे पोरा, चढ!"

मी मागच्या टेबलाकडे बघितलं. खडू होते. वाटाणी नव्हती.

६

खुर्ची सरकवून मी वळले. ती दाराशी उभी होती, पाठ चौकटीला टेकून, हनुवटी वर करून, मी शिकवलं होतं तशी. तिच्या डोक्यावर एक लाकडी पट्टी आडवी होती. पट्टीचं दुसरं टोक दाराच्या फटीत गेलेलं. कुलूप कडीत तसंच लटकत होतं आणि दार वीतभर उघडं होतं.

मागे चर्चा चालूच होती. कुणाचं लक्षही नव्हतं. फटीतून गरम, दमट वारा आला आणि त्याबरोबर कापूस तरंगत आला, संथपणे. तळपाय झिणझिणत होते.

"आई, बघ!" वाटाणीचा चेहरा आनंदाने फुलला होता. "आलीच!"

पट्टी आणि रेघ यांच्यात दोनच बोटं जागा होती. आणि माझी पोर, जिच्या प्रत्येक तसूला आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, तिने टाचा उचलल्या.

मी कशी पोचले आठवत नाही. दोन्ही हातांनी मी तिच्या डोक्यावरची पट्टी खाली दाबली. ती चकित होऊन माझ्याकडे बघत होती आणि माझ्या हातांखाली वर येत होती. एवढ्याशा पोरीत इतका जोर कुठला? ओढून काढावी तर तिची पाठ लाकडाला चिकटल्यासारखी. मी सगळा भार दिला. पट्टी तरीही वर येत होती.

तेव्हा माझ्या तळव्याखाली लाकूड राहिलं नाही.

हाताची पालथी बाजू होती. खरखरीत, ऊन, घामाने ओली, त्यावर कापूस चिकटलेला. बाईमाणसाचा हात. तो दाबत होता, खाली, मी दाबत होते त्याच दिशेने. त्याच्या शेजारी दुसरा. मग बोटांच्या फटींत आणखी बोटं शिरली, माझ्या मनगटावर कुणाचं तरी मनगट आलं, एक तर अगदी कोवळं होतं, माझ्याहून लहान बाईचं. दिसत काहीच नव्हतं. माझे हात तेवढे दिसत होते, पट्टीवर रोवलेले. बाकीचे जाणवत होते, आणि ते सगळे मिळून नेट लावत होते, जसा आपण एखादं झाकण वाफेवर दाबून धरतो तसा, न थांबता, सवयीने.

पट्टी थांबली. रेघेच्या बोटभर खाली.

फटीपलीकडे अंधारात कुणीतरी खाकरलं. पुरुषाचं खाकरणं, ताटकळून कंटाळलेल्या माणसाचं. माझ्या डोळ्यांसमोर काळ्या कोटाची एक बाही पट्टीच्या टोकाशी आली, पट्टी मागे ओढली गेली, आणि दार लागलं.

"आई गं," वाटाणी म्हणाली आणि रडायला लागली. "दुखतंय. तू का दाबलंस?"

मागून बाईंचा आवाज आला, उत्साहाने फुटलेला. "अगं ये ना इकडे! काहीतरी सुचतंय आम्हाला. समजा आयांनाच पोरं पाठवायची नव्हती तर? पण मग त्या करायच्या काय?"

७

शोधनिबंध छापून आला. कारण म्हणून मी 'अपुरा आहार' लिहिलं. बाई अजून माझ्यावर नाराज आहेत. म्हणतात, हातातोंडाशी आलेला मुद्दा सोडलास. मी वरच्या मजल्यावर जागा मागून घेतली. खालची खोली आता मजुरीवाल्याला एकट्याला मिळालीय, आणि तो खूश आहे. त्याला पोरंबाळं नाहीत.

डॉक्टरांनी वाटाणीला मोजलं, परत मोजलं, पट्टी बदलून मोजलं. "इतकी भराभर वाढली आणि एकदम थांबली? असं होत नाही हो." नवऱ्याचा चेहरा उतरला. या खेपेला त्याने वाटाणीला खांद्यावर घेतलं नाही. मी त्याचा हात धरून, मान खाली घालून चालत होते, कारण हसू आवरत नव्हतं. गेल्या खेपेला जेवढी होती तेवढीच! त्याच्या आधीच्या खेपेला होती तेवढीच! मला रस्त्यातच उडी मारावीशी वाटत होती.

पण पोर आतून वाढतच असतं. आलेखात कळत नाही, हाताला कळतं. म्हणून सकाळी वेणी घालताना, रस्ता ओलांडताना, निजवताना मी तिच्या डोक्यावर हात ठेवते, जरा नेट लावून. ती मान सोडवून घ्यायला बघते. काही दिवस तिचा जोर जास्त असतो आणि माझा एकटीचा हात पुरेल की नाही अशी धास्ती वाटते. पण अजून तरी प्रत्येक वेळी पुरलाय. काल शाळेच्या फाटकापाशी तिला आत सोडायच्या आधी मी असाच हात ठेवून उभी होते, बराच वेळ. बाकीच्या आया थांबून बघत होत्या.

"किती जीव आहे गं तुझा लेकीवर," त्यातली एक म्हणाली. "हात काही निघत नाही."